खोलीतला कोट

नाव फजल हसन मुकादम, वय २६ वर्षे, धंदा कागदावर स्टोअर हेल्पर, प्रत्यक्षात मिळेल ते काम, राहणार नजमा, दोहा, एका खोलीत सहा जण, मूळ गाव रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड. शिक्षण दहावी नापास, इतिहासात मात्र पास. आज गुरुवार, दिनांक ३० ऑक्टोबर, वेळ दुपारची बारा.

समक्ष ठाण्यात बसून माझ्या हाताने लिहून देतो की, हा जबाब मी कालच लिहायचा होता. काल बुधवारी दुपारी शफा मॅडमनी मला कोरे कागद आणि पेन दिलं. शफा मॅडम इथल्या दुभाषी, हैदराबादच्या. त्यांना मराठी बोललेलं थोडं कळतं, पण वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "तुम अपनी जबान में लिखो, तसल्ली से. मराठी पढ़नेवाला कोई मिल जाएगा, वो अरबी कर देगा." मी तीन तास बसलो आणि फक्त नाव-पत्ता लिहिला. मग भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा अडकतो तो बघत बसलो. नंतर म्हणालो की डोकं दुखतंय, उद्या लिहितो. डोकं दुखत नव्हतं. राजाभाऊ सर मंगळवार संध्याकाळपासून सापडत नाहीत आणि काल मी तोंडी जे सांगितलं त्यात दोन गोष्टी खोट्या होत्या, म्हणून पेन चालत नव्हतं. आता लिहितो.

राजाभाऊ घरत, वय ६८, हे रेवदंड्याच्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवायचे. आता मुलाकडे, दोह्यातच अल गराफाला असतात. मुलगा देवव्रत, गॅस प्लांटवर इंजिनियर, सून नमितावहिनी. सरांची आणि माझी गाठ दीड वर्षापूर्वी सूक वाकिफच्या बाजारात पडली. मी तेव्हा मसाल्याच्या दुकानात पोती उचलायचो. मागून आवाज आला, "मुकादम, दहावी झालास का?" मी पोतं तिथेच टाकलं. त्यानंतर दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी त्यांना कुठेतरी फिरवून आणायचो. त्यांचे गुडघे दुखतात आणि मला एका जागी बसवत नाही, त्यामुळे आमचं जमायचं.

सरांची फार वर्षांची इच्छा लिस्बन बघायची होती. आमच्या गावचा किल्ला पोर्तुगीजांचा. आमचं क्रिकेट त्याच्या तटाला चेंडू मारून चालायचं. सर म्हणायचे, "ज्यांनी आपल्याकडे येऊन भिंती बांधल्या त्यांचं घर एकदा बघायला हवं." प्लांटवर शटडाऊन असल्यामुळे देवव्रतदादाला रजा नव्हती. त्याने मला विचारलं, सरांबरोबर जाशील का. मी रेवदंडा, मुंबई आणि दोहा याशिवाय काही बघितलेलं नाही. लगेच हो म्हणालो.

व्हिसाचे कागद अरुणकुमारने केले. अरुणकुमार, वय अंदाजे ४०, मूळ सोलापूरचा, घरात तेलुगू पण शाळा मराठी. नजमात आमच्या गल्लीत टायपिंगच्या दुकानात बसतो. अरबी फाडफाड बोलतो. लेबरचा फॉर्म असो, भाड्याचा करार असो, कोर्टाचं काही असो, आमच्यातला प्रत्येक जण त्याच्याकडे जातो. सगळ्यांचे पासपोर्ट, पत्ते, फोन त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. दुकानातून तो दहा मिनिटं आमच्या खोलीवर येतो, खोलीतल्याच सोहेलच्या कॉटवर बसतो, चहा पितो. कुणावर कधी आवाज चढवत नाही.

व्हिसाला रोज कुठे जाणार ते तारीख-वेळेसकट लिहून द्यावं लागतं. सरांनी चार ठिकाणं सांगितली. पाचवं अरुणकुमारने स्वतः टाकलं, शुक्रवार, सकाळी अकरा, टेकडीवरचं एक लहान संग्रहालय. म्हणाला, "यादी भरलेली दिसली पाहिजे, सर. तिथे भारतातल्या वस्तू आहेत, तुम्हाला आवडेल." सर खूश झाले. व्हिसा लागला की त्या कागदाकडे कुणी बघत नाही, हे मला आता शफा मॅडमकडून कळलं. सरांना आणि मला वाटलं, सरकारकडे लिहून दिलंय म्हणजे तसंच, त्याच वेळेला गेलं पाहिजे, नाहीतर विमानतळावर पकडतील. सर तर तो कागद खिशात ठेवून हजेरी लावल्यासारखे एकेका ठिकाणावर टिक करायचे.

कोटाबद्दल लिहितो. आमच्या खोलीत दाराच्या मागे एक काळपट कोट टांगलेला असतो. इथे कोट कुणाला लागतो? पण खोलीतलं कुणी थंडीच्या देशात निघालं की तोच कोट घालून जातं, आल्यावर परत खिळ्याला लावतं. सोहेल तो घालून दिल्लीला गेला होता, त्याच्या आधीचा एक जण जर्मनीला. कोट मुळात अरुणकुमारने आणून ठेवला, "वापरा रे, भावांनो" म्हणून. कुणी त्याला विचारलं नाही की तू कोट का ठेवलास. खोलीत असं विचारत नाहीत. कुणी पिशवी दिली तर नेतात, कोट दिला तर घालतात. उघडून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखं. कोटाचं वरून दुसरं बटण सोहेलने निळ्या दोऱ्याने शिवलं होतं, कारण खोलीत तोच दोरा होता. खिशात त्याच्या वेलच्या असायच्या.

तोच कोट बरोबर घेऊन आम्ही सोमवार, दि. २० रोजी निघालो. लिस्बनला सगळे रस्ते चढाचे नाहीतर उताराचे, आमच्या कोर्लईच्या डोंगरावर कुणीतरी शहर ठेवावं तसं. कोर्लईत अजून मोडकी पोर्तुगीज बोलतात, तिथल्या पोरांकडून शिकलेला एक शब्द मी कॉफीवाल्याला म्हणून दाखवला, तो हसत सुटला आणि त्याने बायकोला आतून बोलावून मला परत म्हणायला लावला. हे मुद्द्याचं नाही, सोडून देतो.

मंगळवारी मठात वास्को द गामाची कबर बघितली. सर तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. मी म्हणालो, "सर, फातिहा वाचू का?" ते म्हणाले, "वाच. मेलेल्याला काय कळतंय कुणी वाचला." बुधवारी निळ्या फरशांचं संग्रहालय. तिथे एका लांबलचक भिंतीवर फरशांनी अख्खं शहर काढलंय, १७५५ च्या मोठ्या भूकंपाच्या आधीचं. सर एकेका घरावर हवेतल्या हवेत बोट ठेवत चालले. म्हणाले, "मुकादम, यातलं बरंचसं एका सकाळीत गेलं. लोक चर्चमध्ये होते, सणाचा दिवस होता." दुपारी राजांच्या बग्ग्या बघितल्या. गुरुवारी छप्पर पडलेलं चर्च. वर उघडं आभाळ, खाली गवत. हुबेहूब आमच्या किल्ल्यातलं, फक्त म्हशी नव्हत्या. तिथे आतल्या खोलीत काचेच्या पेटीत दोन वाळलेली माणसं गुडघे पोटाशी धरून बसलेली होती, तोंडं उघडी. मी बाहेर निघून आलो. सर आत राहिले. बाहेर माझं लक्ष एका गिटारवाल्याकडे गेलं आणि अर्धा तास गेला. परत आलो तर सर दाराजवळच्या त्याच दगडावर बसलेले.

सरांचा एक नियम आहे तो इथे लिहिणं गरजेचं आहे. शाळेच्या सहलीत ते गाडीतून उतरायच्या आधी आमच्याकडून पाठ म्हणवून घ्यायचे. चुकामूक झाली तर जिथे शेवटचं बघितलं तिथेच थांबायचं. हलावंच लागलं तर खूण ठेवून हलायचं. लिस्बनमध्येही त्यांनी हेच सांगितलं. म्हणाले, "तू भटकशील ते मला माहीत आहे. मी हलणार नाही. तेवढं तुझ्या ध्यानात असू दे." चार दिवसांत मी सहा वेळा भटकलो. सहाही वेळा सर जागेवर होते.

शुक्रवार, दि. २४ रोजी अकराला पाच कमी असताना आम्ही टेकडीवरच्या संग्रहालयात पोचलो. दारात कोट आणि पिशव्या ठेवून घेतात, पितळेचं टोकन देतात. आमचं टोकन ४१. आत हस्तिदंताच्या लहान लहान मूर्ती होत्या, आपल्याकडे कोरून तिकडे नेलेल्या. सर मला काचेला नाक लावून दाखवत होते, "ते बघ, तळाशी बारीक आकडा. प्रत्येक वस्तूला नंबर असतो. वस्तू कुठेही गेली तरी नंबर सांगतो ती कुणाची." निघताना टोकन दिलं, कोट मिळाला. बाहेर उन्हात बघितलं तर दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. खिशात वेलची नव्हती. डांबरगोळ्यांचा वास येत होता.

मी म्हणालो, "सर, बटण बघा."

"युरोपात कोट सांभाळतात आणि बटणंही शिवून देतात वाटतं," सर म्हणाले. आम्ही हसलो. मला वाटलं होतं की परत जाऊन सांगावं. पण समोर पिवळी ट्राम एका चुकीच्या उभ्या केलेल्या गाडीमुळे अडली होती, लोक गाडी उचलून बाजूला करत होते, मी हात लावायला गेलो. त्यात राहून गेलं.

शनिवारी परतीच्या विमानात सरांना थंडी वाजली. कोट त्यांनी घातला आणि तसाच घालून ते अल गराफाला गेले. मी नजमाला आलो. संध्याकाळी चार वाजता अरुणकुमार खोलीवर आला. दाराच्या मागे बघितलं. मग बसला.

"कोट?"

"सरांच्या अंगात गेला. आणतो."

"असू दे. घाई नाही."

रविवारी सकाळी आला, घाई नाही म्हणाला. रविवारी संध्याकाळी परत आला, चहाही घेतला नाही, घाई नाही म्हणाला. सोहेल त्याला म्हणाला, "अरुणभाई, इथे पस्तीस डिग्री आहे, कोटाचं काय लोणचं घालणार?" तो हसला. फक्त माझ्याकडे बघून हसला.

सोमवारी दुपारी एकला सरांचा फोन आला. त्यांचं बोलणं आठवतंय तसं लिहितो.

"मुकादम, बटण कच्चं होतं म्हणून नमिताकडून सुई-दोरा घेतला. अस्तरात काहीतरी शिवलेलं हाताला लागलं. मी उसवलं."

"काय आहे, सर?"

"हस्तिदंताचं बाळ. अंगठ्याएवढं. झोपलेलं. तळव्यावर नंबर आहे."

सरांनीच पुढे विचारलं.

"कोट कुणाचा?"

"अरुणकुमारचा."

"त्यांना माहीत असेल का?"

"सर, पोलिसात देऊन टाका."

"आधी विचारायला नको? वर्गात पेन हरवलं म्हणून मी कधी कुणाचं दप्तर उलटं केलं नाही. आधी विचारलं. बहुतेक वेळा घेणारा स्वतःच देतो. उद्या चार वाजता सूक वाकिफमध्ये भेटू म्हणावं, आपल्या नेहमीच्या बाकावर. तू मध्ये हवास. घरात सांगू नकोस, देवव्रतच्या नोकरीला उगाच घोर नको."

निरोप मी दिला. दुकानात जाऊन दिला. इतकंच म्हणालो की सर कोट घेऊन येतायत, बोलायचं म्हणतायत. अरुणकुमार टाइप करता करता म्हणाला, "अस्तर उसवलं का त्यांनी?" मी हो म्हणालो. अस्तराचं नाव मी काढलं नव्हतं, हे मला रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं. तेव्हा सरांना फोन करायला हवा होता. केला नाही. उद्या मी असणारच आहे मध्ये, असं मनाशी म्हणालो.

मंगळवार, दि. २८. सर तीन वाजून दहा मिनिटांनी घरातून निघाले. नमितावहिनींनी ॲपवर टॅक्सी करून दिली. सरांनी कोट अंगात घातला होता. वहिनी म्हणाल्या, "बाबा, अहो भाजून निघाल!" सर म्हणाले, "हातात घेतला तर कुठेतरी ठेवून विसरेन. अंगात असला म्हणजे विसरणार नाही." गेटवरचा वॉचमनही हसला म्हणे. हे सगळं वहिनींनी काल सांगितलं आहे.

मी पावणेचारला सूकमध्ये होतो. वेळेआधी. काल मी सांगितलं की बसमुळे पाच मिनिटं उशीर झाला. ही पहिली खोटी गोष्ट. बस वेळेवर होती. बाकाकडे जायला ससाण्यांच्या दुकानांवरून वाट आहे. तिथे एक ससाणा वजनाला ठेवला होता. डोक्यावर चामड्याची टोपी, डोळे झाकलेले. मालक नख्या घासत होता आणि तो अजिबात हलत नव्हता. टोपी काढली की काय करतो ते बघायला मी थांबलो. मग मालकाने मला हातमोजा घालून त्याला धरायला दिलं. बाकावर पोचलो तेव्हा चार वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती. मगरिबची, सूर्यास्ताची अजान व्हायची होती. यापेक्षा दुसरं कारण नाही.

बाक रिकामा होता. खाली अर्धा प्यालेला इथल्या कडक करक चहाचा कागदी कप आणि बाकावर सरांची शंभर पानी वही. काल मी सांगितलं की बाकावर काही नव्हतं. ही दुसरी खोटी गोष्ट. वही तेव्हापासून माझ्या शर्टाच्या आत आहे. आता या टेबलावर ठेवली आहे. त्या वहीत सरांनी लिस्बनचं रोजचं टिपण केलं आहे. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात हे आहे, जसंच्या तसं उतरवतो:

"३.४० पोचलो. फजल नाही.
४.०० फजल नाही. ऊन उतरले.
४.१५ अरुणकुमार आले. सभ्य गृहस्थ वाटतात. नंबर दाखवला. म्हणतात, चूक झाली असेल, परत पाठवू.
४.२० म्हणतात, फजल त्यांच्या गाडीत बसला आहे, त्याला बरे वाटत नाही, मला बोलावतो आहे. जातो. वही इथे ठेवतो आहे. खूण म्हणून."

सरांचा फोन तेव्हापासून बंद आहे. मी अरुणकुमारला लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, "अरे, मला जमलंच नाही, दुकानात गर्दी होती. सर भेटले ना?" माझ्या हातात वही उघडी होती. मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "येतील. म्हातारी माणसं भटकतात." मी ससाण्याजवळ उभा होतो तिथून तो बाक शंभर पावलांवर आहे.

मी गप्प का राहिलो असं विचाराल. माझी सही, अंगठा, पासपोर्टची झेरॉक्स, गावातल्या अम्मीचा पत्ता, सगळं अरुणकुमारकडे आहे. संग्रहालयाचं टोकन आम्ही घेतलं, कोट आम्ही आणला, व्हिसावर नाव माझं. हे एक. दुसरं, मंगळवारी मगरिबनंतर वहिनींचा फोन आला, "फजल, तू आहेस ना बाबांबरोबर?" आणि मी हो म्हणालो. मला वाटलं तासाभरात सापडतील. एकदा हो म्हटल्यावर नाही म्हणता आलं नाही. वहिनींनी त्या रात्री सरांचं ताट झाकून ठेवलं होतं, असं देवव्रतदादा काल इथे बाकावर बसून सांगत होता. माझ्याकडे न बघता.

माझं म्हणणं एवढंच आहे की राजाभाऊ सर भटकलेले नाहीत. ते जागेवरून हलणारे गृहस्थ नव्हेत. माझं नाव घेतलं म्हणून हलले. अरुणकुमारकडे पांढरी जुनी पिकअप आहे, नंबर मला पाठ नाही, उजवा मागचा दिवा फुटलेला आहे. ती शोधावी. आज तिसरा दिवस आहे आणि सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या आहेत.

हा जबाब देवव्रतदादा वाचू शकला असता, पण तक्रार त्याची असल्यामुळे त्याच्याकडून वाचून घेता येत नाही, असं इथले पोलीस साहेब म्हणाले. तोवर मी स्वतःच दोनदा वाचला. यात आता खोटं काही उरलेलं नाही. वही सोबत जोडली आहे, तिचंही शेवटचं पान अरबीत व्हायला हवं. दुसऱ्या कुणी हे मला वाचून दाखवलं की खाली सही करतो.

आत्ता साहेबांनी दारातून आवाज दिला, "यल्ला, खलास?" म्हणजे चल, झालं का. शफा मॅडम आत आल्यात, खूश दिसतात. म्हणतात, "बड़ी मुश्किल से मिला मराठीवाला, कोर्ट के कागज़ भी यही करता है." त्यांच्या मागे अरुणकुमार उभा आहे. गळ्यात पाहुण्याचा पास आहे, चष्मा पुसतोय. टेबलावरची वही त्याने बघितली. माझ्यासमोरची खुर्ची ओढून म्हणतो, "लिहून झालं का, फजलभाई? आण इकडे. वाचून दाखवतो."